चितार ओळीतली ओल

नागपूर मेट्रोच्या ॲक्वा मार्गावर सीताबर्डीहून प्रजापती नगरकडे निघालं की कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक अशी नावं पुकारली जातात आणि मग येतं 'चितार ओळी चौक'. २०२२च्या डिसेंबरात हा टप्पा सुरू झाला. पुढाऱ्यांची आणि महापुरुषांची नावं सगळ्याच शहरांतल्या स्टेशनांना असतात. मूर्ती घडवणाऱ्या, चित्रं रंगवणाऱ्या माणसांच्या गल्लीचं नाव स्टेशनाच्या पाटीवर असणं ही नागपुरानं जपलेली मोठी गोष्ट आहे. सुट्टीचा एक अख्खा दिवस हाताशी असेल, तर तो याच स्टेशनवर उतरून घालवावा.

यायचं कधी, हे आधी ठरवा. गणेश चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत ओळीत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा मूर्ती दिसतात, काम दिसत नाही. आषाढी एकादशी उलटली की श्रावण लागेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. माती अजून करडी असते, मूर्तींना डोळे नसतात, कारागिरांना मान वर करून दोन शब्द बोलायला सवड असते. उन्हाळ्यात इथं पारा ४५च्या घरात जातो, त्यामुळे मे महिन्यात पायी भटकण्याचा विचारही नको. पावसाळ्यात येताना तळव्याला पकड असलेली चप्पल घाला, कारण ओळीत सांडलेल्या मातीचा चिखल निसरडा असतो. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. अरुंद जागेत छत्रीची काडी मूर्तीला लागते, आणि वाळत आलेल्या मातीवर छत्रीचं पाणी टपकलं तर तिथं खड्डा पडतो. अर्ध्या दिवसाचं काम एका थेंबाच्या रांगेत जातं.

स्टेशनचा जिना सेंट्रल अव्हेन्यूवर उतरतो. दक्षिणेकडे वळून बडकस चौकाच्या दिशेनं चालू लागलं की रुंद रस्ता मागं पडतो आणि जुनं शहर सुरू होतं. इथं गल्लीला 'ओळ' म्हणतात. भांडे ओळ, सराफा ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ, आणि ही चितार ओळ. ज्याचा धंदा त्याची ओळ, इतका सरळ हिशोब. वस्त्यांचाही तसाच. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही सगळी आठवडी बाजारांच्या वारांवरून पडलेली नावं. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं १७०२च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून हे शहर वसवलं. त्याच्या मागून चांद सुलतानानं त्याला तट घातला, आणि अठराव्या शतकाच्या मध्याला रघुजी भोसल्यांनी इथं राज्य उभं केलं. महाल हे नाव भोसल्यांच्या वाड्यावरून आलं. राजवाडा आला की देवळं येतात, देवळं आली की मूर्ती, मिरवणुका आणि सण. सण आले की चितारी लागतात. ओळ इथंच का, याचं उत्तर एवढ्यात आहे.

पण आधी न्याहारी. सकाळी आठच्या सुमाराला महाल-इतवारीच्या कुठल्याही नाक्यावर तर्री-पोह्याची गाडी लागलेली असते. गाडी निवडताना गर्दीपेक्षा पोहे पाहा. जाड पोहे चाळणीत धुऊन, निथळून, दहा-पंधरा मिनिटं नुसते फुगू दिलेले असले तर दाणा दाणा सुटा राहतो. पाण्यात भिजत पडलेले असले तर वरून रस्सा पडताच त्याचा गिचका होतो. तर्री म्हणजे खरं तर रश्शावर तरंगणारा लाल तवंग, पण आता भिजवलेल्या हरभऱ्याच्या त्या अख्ख्या तिखट रश्शालाच तर्री म्हणायची रीत झाली आहे. कांदा, सुकं खोबरं, खसखस भाजून वाटलेला मसाला, लसूण आणि बेताबाहेर तिखट. बाहेरगावचे असाल तर 'तर्री कमी' असं आधीच सांगा, आणि मिळाली तर वेगळ्या वाटीत घ्या. पोह्यांवर थोडी थोडी ओतत खाल्ली तर शेवटच्या घासापर्यंत पोहे पोह्यांसारखे लागतात. वरून बारीक कांदा, लिंबू आणि सांबार. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. हे ठाऊक नसलेला पाहुणा डाळीच्या सांबाराची वाट पाहत बसतो.

साडेनऊच्या पुढे ओळीत शिरा. घराच्या पुढच्या खोल्या, ओसऱ्या, ताडपत्रीचे मांडव, जिथं छत आहे तिथं मूर्ती. पहिल्या चक्करमध्ये काहीच विचारू नका, नुसतं चाला. एका दारात मातीचे ढेकळं फुटत असतात, दुसऱ्यात पायांनी माती तुडवली जात असते, तिसऱ्यात पेंढ्याचे पुतळे बांधलेले, चौथ्यात वाळत घातलेले सोंडा-हात. एका मूर्तीची महिनाभराची गोष्ट अर्ध्या तासात दारोदार उलटसुलट दिसते. दुसऱ्या चक्करला थांबा. आत डोकावण्याआधी विचारावं: "काकाजी, बघू का जरा?" नाही कोणी म्हणत नाही. फोटोसाठी मात्र वेगळं विचारा, फ्लॅश बंद ठेवा, आणि कुणी डोळे रंगवत असेल तर तेवढा वेळ कॅमेरा खाली आणि तोंड बंद.

माती भंडारा भागातून येते. चिकट, बारीक कणाची, खडा कमी असलेली. आली तशी ती वापरता येत नाही. ढेकळं फोडून ती हौदात किंवा टाक्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवायची, ढवळून गाळून खडे, मुळ्या काढून टाकायच्या, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढायचं. मग तुडवणं. हे काम पायांचं, कारण टाचेला जो खडा कळतो तो हाताला निसटतो. तुडवताना कापूस किंवा कागदाचा लगदा मिसळतात. तो कशासाठी, ते पुढं तड्यांपाशी कळेल. माती झाली की नाही, याची साधी परीक्षा: बोटाएवढी वळकटी करून तिचं कडं वाकवायचं. बाहेरच्या बाजूला चिरा पडल्या तर पाणी किंवा तुडवणं कमी, हाताला चिकटली तर पाणी जास्त.

घरी बसवायच्या फूटभराच्या मूर्ती बहुधा साच्यात होतात. साच्याच्या दोन्ही भागांत माती दाबून थर द्यायचा, कडांना पातळ मातीची लापशी लावून भाग जोडायचे, आत पोकळी ठेवायची. थर सगळीकडे सारखा हवा, बोट-दीड बोट. मोठ्या मूर्तीचा मार्ग वेगळा. लाकडी पाटावर उभा दांडा किंवा बांबू, त्याभोवती सुतळीनं आवळून बांधलेलं तणस. तणस म्हणजे धानाचा पेंढा, आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यामुळे नागपुरात त्याचा तुटवडा नसतो. पोटाचा घेर, मांडीचा भर, पाठीचा बाक, हे सगळं तणसातच ठरतं. ज्याचं तणस ढिलं, त्याची मूर्ती वाळताना बसते. मग वरून कितीही माती थापली तरी पोट लोंबतं. त्यावर कोंडा मिसळलेल्या जाडसर मातीचा पहिला थर, तो वाळला की बारीक मातीचा दुसरा, आणि शेवटी ओल्या कुंचल्यानं फिरवलेला हात.

आता तडे. चितार ओळ समजून घ्यायची असेल तर तडा समजून घ्यावा. माती वाळताना आकसते. ओल्या मातीची दहा सेंटिमीटरची पट्टी वाळल्यावर साधारण अर्धा ते पाऊण सेंटिमीटर कमी भरते. मूर्ती सगळीकडून एकसारखी वाळली असती तर ती नुसती थोडी लहान झाली असती. पण सोंडेचं टोक, बोटं, कानाची कड ही पातळ अंगं एका दिवसात वाळतात आणि पोट आठवडाभर ओलंच राहतं. वाळलेलं अंग आकसून ओल्या अंगाला ओढतं आणि दोघांच्या सांध्यावर चीर पडते. म्हणून तडा नेहमी ठरल्या जागी सापडतो: मनगटात, सोंड जिथून वळते तिथं, कानाच्या मुळाशी, आणि मूर्ती पाटाला टेकते त्या रेषेवर. आत बांबू असेल तर आणखी एक कारण मिळतं. बांबू आकसत नाही, त्याच्याभोवतीची माती आकसते, आणि मग उभी चीर दांड्याच्या रेषेत फुटते. कापसाचे धागे या ओढाताणीत मातीला धरून ठेवतात.

कुणा अनुभवी हाताकडे पाहत उभे राहा. सोंडेवर आणि बोटांवर ओलं फडकं किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली दिसेल. ती धुळीसाठी नसते. पातळ अंगाला थोपवून धरायचं, जाड अंगाला पुढं जाऊ द्यायचं, म्हणजे दोघं बरोबर वाळतात. वाळवणही सावलीतलं. ऊन पडलं म्हणून मूर्ती बाहेर काढणारा नवशिक्या संध्याकाळी चिरा मोजत बसतो. तडा पडलाच तर त्यात थेट ओली माती भरून चालत नाही, ती पुन्हा आकसते आणि चीर तशीच राहते. चिरेची कड आधी कुंचल्यानं ओली करायची, वाळल्या मातीची भुकटी घातलेली घट्ट लापशी दाबायची, मोठी चीर असेल तर वरून पातळ सुती चिंधी चिकटवायची आणि तिच्यावर हात फिरवायचा. नीट केलेली अशी जागा रंगाखाली ओळखूही येत नाही.

जुलै-ऑगस्टात खरी झुंज ओलीशी असते. हवाच दमट, थर उन्हाळ्यात चार दिवसांत वाळतो तो आता आठ दिवस घेतो. म्हणून खोल्यांमध्ये टेबलफॅन फिरत असतात, मोठाले दिवे लावलेले असतात. पण आतून ओल असताना वरून रंग चढवला तर ती बाहेर येणारच. रंगाला फुगे धरतात, पापुद्रे सुटतात, पाठीमागे बुरशीचे काळे ठिपके येतात. मूर्ती वाळली का, हे रंगावरून कळतं. ओली माती गडद, वाळलेली फिकट, आणि गालाला हाताची मागची बाजू लावली तर ओली जागा गार लागते. ही खूण विकत घेतानाही उपयोगी पडते.

वाळलेल्या मूर्तीवर काचकागद फिरतो, मग खळीत किंवा डिंकात कालवलेल्या पांढऱ्या खडूचा हात. चिंचोक्याची खळ ही जुनी पद्धत. हा पांढरा थर दिसायला बिनमहत्त्वाचा, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं असतं. माती रंग पिते. अस्तर कच्चं असेल तर रंगाची रेघ शाईसारखी फुटते. डिंक जास्त झाला तर अस्तर काचेसारखं तडकतं.

आणि शेवटी डोळे. आधी बुबुळाभोवतीचा पांढरा, मग वरच्या पापणीची रेघ, मग खालची, मग बुबुळ, आत काळी बाहुली आणि अगदी शेवटी पांढरा ठिपका. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढावी लागते, नाकाकडून कानशिलाकडे, मध्ये जाड आणि टोकाला केसासारखी. ब्रश शून्य नंबरचा. रंग पातळ असेल तर खाली ओघळतो, घट्ट असेल तर रेघ मध्येच तुटते. कारागीर आधी अंगठ्याच्या नखावर रेघ ओढून पाहतो. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवलेली, श्वास रोखलेला, आणि रेघ संपली की खांदे सैल पडतात. दुसरा डोळा पहिल्यापेक्षा अवघड, कारण त्याला पहिल्याशी जुळायचं असतं. बुबुळं गव्हाएवढी जरी वरखाली झाली तर देव तिरळा दिसतो. नजर किंचित खाली ठेवतात, कारण मूर्ती चौरंगावर असते आणि माणूस तिच्यापुढं खाली बसतो. उभ्यानं पाहिलं तर देव आपल्याकडे बघत नाहीसा वाटतो. गुडघे टेकून बसा आणि मग वर पाहा. या एका गोष्टीसाठी चतुर्थीच्या आठवडाभर आधी ओळीत दुसरी फेरी मारावी, असं माझं मत आहे. पहिल्या फेरीत पाहिलेल्या आंधळ्या मूर्तींना डोळे आलेले पाहणं हा या वस्तीतला सगळ्यात मोठा आनंद आहे.

ओळीला गणपतीची ओळ समजणं मात्र चूक. इथलं कॅलेंडर गोकुळाष्टमीच्या कान्होबापासून सुरू होतं. विदर्भात घरोघरी मातीचा कान्होबा बसतो, आणि त्याचं काम गणपतीच्या आधी हातावेगळं करावं लागतं. मग पोळा. मोठ्या बैलांचा पोळा अमावास्येला, आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. तो नागपूरकर भोसल्यांनी, दुसऱ्या रघुजींच्या काळात सुरू केल्याचं सांगतात. चाकांवरचे, शिंगं रंगवलेले बैल या दिवसांत जुन्या शहरात ठिकठिकाणी मांडलेले दिसतात. घेताना बैल उचलून चाकं फिरवून पाहा. आस वाकडा असेल तर पोर दोरी ओढतं आणि बैल कुशीवर पडतो.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१पासून, पिवळी १८८५पासून. बांबू, कागद आणि कापडाच्या या प्रचंड बाहुल्या इतवारीच्या रस्त्यांवर समोरासमोर येतात, मागून बडगे, म्हणजे तसेच बनवलेले पुतळे, येतात आणि सगळं शहर ओरडतं: "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" त्या दिवशी जुन्या शहरात गाडी आणू नका, आणि लहान मूल बरोबर असेल तर चौकात न थांबता एखाद्या दुकानाच्या पायरीवर उभे राहा.

पुढं गणपती, मग महालक्ष्म्या, ज्यांना पश्चिमेकडे गौरी म्हणतात. त्यांचे मुखवटे हा वेगळाच कसबाचा भाग. सगळीकडे पितृपक्षात सणांना सुट्टी असते, पण महालातल्या भोसले वाड्यात याच पंधरवड्यात हाडपक्या गणपती बसतो. हाडपक म्हणजे आपल्याकडचा पितृपक्ष. खंडोजी उर्फ चिमणाबापू भोसले बंगालच्या स्वारीवरून परतले तेव्हा चतुर्थी होऊन गेली होती, म्हणून मागाहून गणपती बसवला आणि नकला-लावण्यांनी उत्सव साजरा केला. त्यावरून मस्कऱ्या गणपती हे दुसरं नाव. त्यानंतर नवरात्रातल्या दुर्गा आणि शारदा, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरींच्या गाण्यांत रमणाऱ्या भुलाबाई-भुलोजी, आणि दिवाळीच्या लक्ष्म्या. भुलाबाईची जोडी वीतभराची, साधी, चार रंगांत रंगवलेली. आता ती मागणारी घरं कमी होत चालली आहेत, म्हणून दिसली तर आवर्जून घ्या. गाणी येत नसली तरी खिरापत करता येते.

विकत घ्यायचं तर थोडं शहाणपण लागतं. ओळीत मातीबरोबर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीही येतात, बाहेरून आलेल्या. रंगवलेल्या समोरून सांगता येत नाही. मूर्ती पाटासकट हळूच कलवून तळ बघा. तिथं रंग नसतो. तळावर बोटानं पाण्याचा थेंब लावा, मिनिटभरानं घासा. माती पाणी पिते आणि बोटाला चिकट गाळ लागतो, प्लास्टर टणकच राहतं. वजनही सांगतं, मातीची मूर्ती तेवढ्याच उंचीच्या प्लास्टरपेक्षा जड. आणि किंमत. प्लास्टर साच्यात अर्ध्या तासाच्या आत घट्ट होतं, माती पंधरा दिवस मागते. मातीची मूर्ती त्याच भावात मिळत असेल तर ती मातीची नसण्याचीच शक्यता जास्त. घासाघीस करण्याआधी या पंधरा दिवसांचा विचार करावा.

नोंदणी करताना घरच्या मखराची उंची मुकुटासकट आणि पाटासकट मोजून आणा. चिठ्ठीवर उंची, रंग, सोंडेची बाजू लिहून घ्या, दिलेली आगाऊ रक्कमही. घरी नेताना मूर्ती पाटाला धरूनच उचलायची, हाताला किंवा प्रभावळीला कधीच नाही. दुचाकीवर न्यायची असेल तर मागच्यानं मांडीवर घ्यावी, मध्ये टॉवेलाची घडी. नुसता खड्ड्याचा हादरा मनगटाला पुरतो.

दुपारी महालाकडे वळा. बडकस चौकातून केळीबाग रस्त्यानं कोतवालीच्या बाजूला. इथं चालायचं ते मान वर करून. तळमजल्यावर शटर, मोबाईलची दुकानं, फ्लेक्स. पण पहिल्या माडीवर नजर गेली की सागवानी खांब, आधाराचे कोरीव हस्त, त्यांवर झुकलेला सज्जा आणि वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. गोंडवनातलं सागवान जवळच, म्हणून लाकडाचा हात इथं सढळ आहे. भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडाचा होता. १८५३मध्ये तिसरे रघुजी वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि १८६४मध्ये तो वाडा आगीत गेला. लाकडाच्या त्या वैभवाला आगीनं किती वेळ घेतला असेल, हे उरलेल्या वाड्यांच्या तुळया पाहिल्या की कळतं.

एखाद्या वाड्याच्या दाराशी थांबून दोन गोष्टी बघा. पहिली खांबाची बैठक. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. ओल आणि वाळवी वर चढू नये म्हणून. दुसरी, दारापर्यंतच्या पायऱ्या. मूळच्या तीन-चार असाव्यात अशा जोत्याला आज एकच दिसते. रस्त्यावर रस्ता चढत गेला, सिमेंटचे थर आले, आणि जोतं बुडालं. आता पावसाचं पाणी रस्त्यावरून ओसरीत येतं, तळखडा ओलीत राहतो आणि खांब पायाकडून कुजतो. माणसं छप्पर गळण्याला दोष देतात. कवेलू सरकली तर एका दुपारी सारखी करता येतात. खांबाचा पाय गेला की माडी उतरवावी लागते. जुनं शहर हळूहळू असं खालून जात आहे, आणि रस्ता नवा करताना आधीचा थर खरवडून काढणं एवढंच केलं असतं तर यातलं बरंच वाचलं असतं. याचं फार वाईट वाटतं.

भोसलेकालीन देवळांसाठी दुपारी चारनंतरची वेळ ठेवा. महालातलं रुक्मिणी मंदिर त्यातलं आवर्जून पाहावं असं. ऊन तिरकं झालं की कोरीवकामाला सावली मिळते, आणि सपाट वाटणाऱ्या भिंतीतून वेल, पाकळ्या, कमानींची टोकं उठून येतात. नागपूर दोन दगडांच्या सीमेवर आहे. पश्चिमेकडून सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत काळा बेसाल्ट, आणि कामठीच्या बाजूला पिवळसर वाळूदगड. काळ्यात ठसठशीत काम होतं, वाळूदगडात बारीक. देवळांवर ऑइल पेंट चढवायची हौस दगडाला मारक आहे. रंगाच्या थरांनी बारीक नक्षी बुजते हा एक तोटा. दुसरा मोठा: दगडाच्या आतली ओल बाहेर पडू शकत नाही, रंगाखाली क्षार साठतात आणि पुढच्या एखाद्या उन्हाळ्यात रंगाबरोबर दगडाचाही पापुद्रा निघतो. चितार ओळीत ओल्या मूर्तीवर रंग लावू नये हे पोरालाही ठाऊक असतं.

मध्ये भूक लागली तर सांबारवडी. हिचा खरा हंगाम थंडीचा, सांबार स्वस्त आणि कोवळा असतो तेव्हा. बेसन आणि थोड्या कणकेच्या पारीत सांबार, सुकं खोबरं, खसखस, चारोळी, हिरवी मिरची. धुतलेला सांबार कापडावर पसरून कोरडा करावा लागतो. ओला भरला तर तेलात त्याची वाफ होते आणि वडी फुटते. फोडून बघा, आतला सांबार हिरवागार राहिला असेल तर हात चांगला आहे. ती मिळाली नाही तर पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा.

दिवस उतरताना गांधी गेटकडे चला. हाच जुना जुम्मा दरवाजा, चांद सुलतानाच्या तटातला. तट गेला, दरवाजा राहिला. त्यातून पश्चिमेकडे बाहेर पडलं की थोड्या अंतरावर जुम्मा तलाव, म्हणजे शुक्रवारी तलाव, म्हणजे आताचा गांधीसागर. तीन नावं, पाणी एकच. सकाळपासूनचं चालणं सगळं मिळून अडीच-तीन किलोमीटरांच्या आत असतं. आता मूर्तींचं विसर्जन तलावांत करू देत नाहीत, काठावर आणि वस्त्यांत कृत्रिम टाकी ठेवतात. मातीची कच्ची मूर्ती टाक्यात काही तासांत विरघळू लागते. आधी बोटं जातात, मग सोंड, कानाची कड, म्हणजे जी अंगं सगळ्यात आधी वाळली होती तीच. पोट शेवटपर्यंत टिकतं. घरी बादलीत विसर्जन केलं तर पाणी दोन दिवस बसू द्या, वरचं पाणी ओता, खालचा गाळ गाळून घ्या. सुतळी, दागिने, रंगाचे पापुद्रे वेगळे करा. उरते ती तीच चिकट माती. कुंडीत घालताना ती वाळू आणि शेणखतात मिसळूनच घाला, नुसती घातली तर वाळून दगड होते आणि तिला तडे जातात.